जामनगर – नरारा – खिजडिया : २६ जानेवारीची जोडसुट्टी आणि ओहोटीचं गणित

सुरसागरकाठी | ४ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. २४ ते २६ जानेवारी (शनिवार-रविवार-सोमवार) वडोदराहून जामनगरला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: दोघं मोठी, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची आई. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर ती नीट चालते.

मुख्य आकर्षण नरारा. ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या खडकावर चालत जाऊन समुद्री जीव बघायचे. बाकी खिजडियाचे पक्षी, लाखोटा तलाव, बालाचडी, वेळ उरला तर द्वारका.

प्रश्न असे:
१. कोकणातला 'तिथीची पाऊणपट' हा नियम लावला. २६ तारखेला कालनिर्णयात अष्टमी आहे. ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. भरदुपारची सोयीची वेळ दिसते. बरोबर आहे ना?
२. आईला नराराला नेता येईल का?
३. बूट, कपडे, सामान काय लागेल?

पाऊणकी | ४ जानेवारी, रात्री १०.१५

ओहोटीची वेळ ओळखण्यापुरता नियम ठीक आहे, पण दिवस चुकलाय. २६ तारखेला नराराला जाऊ नका, काही दिसणार नाही.

अष्टमीला भांगाची भरती असते. चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात, त्यांची ओढ एकमेकांना मारक. त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तुमच्या पाऊणपटीतून ओहोटी किती वाजता हे कळतं. किती खोल हे कळत नाही, आणि नराराला सगळं त्यावरच अवलंबून असतं. त्या भागात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी पाऊण मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली जातं. भांगात ते दीड-दोन मीटरवरच थांबतं. खडकाचा जो भाग बघायला आपण जातो तो त्या दिवशी उघडाच पडत नाही. दुपारी बारा वाजता किनाऱ्यावर उभं राहून गढूळ पाणी बघून परत यायचं, एवढंच होईल.

पौर्णिमा १ फेब्रुवारीला, रविवारी आहे. सगळी सहल एक आठवडा पुढे ढकला.

सुरसागरकाठी | ४ जानेवारी, रात्री १०.३२

बाप रे, बरं झालं विचारलं. दुपारची वेळ बघूनच खूश झालो होतो. पण मग १ तारखेलाच जायचं का? त्या दिवशी ओहोटी किती वाजता?

वादीनार_मार्गे | ५ जानेवारी, सकाळी ७.०५

पाऊणकी यांच्या मूळ मुद्द्याला अनुमोदन, पण तो नियम कोकण किनाऱ्याचा आहे. कच्छच्या आखातात जसाच्या तसा लावू नये. भरतीची लाट अरबी समुद्रातून ओख्याकडून आत शिरते आणि पूर्वेला सरकत जाते. ओख्याला जी वेळ, ती नराराजवळच्या सिक्का-वादीनार बंदरांना नाही. तिथे उशीर होतो आणि कांडल्याला आणखी उशीर. आखात आत अरुंद आणि उथळ होत गेल्यामुळे पाण्याचा चढउतारही वाढत जातो. म्हणून नरारासाठी कोष्टक बघताना ठिकाण 'सिक्का' किंवा 'वादीनार' असंच निवडा. मोबाइलवरची ॲप आपणहून जवळचं म्हणून भलतंच बंदर घेतात. कच्छमधलं मांडवी किंवा ओखा दिसलं तर बदला.

दुसरी चूक याहून घातक. काही परदेशी संकेतस्थळं वेळ ग्रीनिचची देतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ओहोटी-भरतीत अंतर साधारण सव्वासहा तासांचं. म्हणजे साडेपाच तासांची चूक झाली तर ओहोटी समजून जवळजवळ पूर्ण भरतीत जाऊन उभे राहाल. सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टकं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा अंदाज भारतीय वेळेत असतो, त्यांच्याशी ताडून बघा.

आता तारीख. आखातातला उशीर धरला तर पौर्णिमेला सकाळची ओहोटी साडेसात-आठच्या मागेपुढे येईल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जामनगरात सूर्य उगवतो सव्वासातच्या पुढे. ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यात उतरायचं म्हटलं तर पूर्ण काळोख. म्हणून पौर्णिमेपेक्षा द्वितीया-तृतीया बरी. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. ३ फेब्रुवारी, मंगळवार, वद्य द्वितीया: ओहोटी नऊच्या सुमारास. उजेडही भरपूर आणि ऊनही चढलेलं नसतं. नक्की मिनिटं कोष्टकातूनच घ्या.

मांडवी_दरवाजा | ५ जानेवारी, सकाळी ९.२०

मंगळवार म्हणजे दोन दिवस रजा आणि मुलाची शाळा बुडणार. महाशिवरात्र रविवारी आहे, १५ फेब्रुवारीला. तेव्हा का नाही? त्यानंतर लगेच अमावास्या.

पाऊणकी | ५ जानेवारी, सकाळी ९.४८

चतुर्दशीला ओहोटी पौर्णिमेच्याही आधी, म्हणजे सूर्योदयाच्या आत किंवा बरोबरीने येते. शिवाय धागालेखक वडोदऱ्याच्या सुरसागर तलावाकाठी राहतात. महाशिवरात्रीची मिरवणूक, शिवजी की सवारी, सोडून ते जामनगरला जातील असं मला वाटत नाही :)

एक कायमचं लक्षात ठेवण्यासारखं. दिवाळीची सुट्टी नरारासाठी आपोआप जुळून येते. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. भाऊबीज आणि तिच्या दुसऱ्या दिवशी उत्तम ओहोटी मिळते. लाभपंचमीपर्यंत ती दुपारकडे सरकते आणि पाणीही कमी उतरू लागतं. गुजरातेत त्याच दिवसांत सगळे फिरायला निघतात, म्हणून गर्दी प्रचंड असते. गर्दी नको असेल तर त्रिपुरी पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा. उत्तरायणाचा मात्र भरवसा नाही. ते सूर्यावर चालतं, त्यामुळे १४ जानेवारीला कधी उधाण असतं, कधी भांग.

इंदूरची_मावशी | ५ जानेवारी, सकाळी ११.०२

इंदूरहून येणाऱ्यांसाठी एक पुस्ती. आमच्याकडची पंचांगं पौर्णिमान्त महिन्याची. वडोदऱ्यात २ फेब्रुवारीला माघ वद्य प्रतिपदा म्हणतील, आमच्या पंचांगात तीच फाल्गुन कृष्ण प्रतिपदा. महिन्याचं नाव बघून घाबरू नका, तिथी आणि पक्ष एकच असतात. समुद्राला तेवढंच लागतं.

वादीनार_मार्गे | ५ जानेवारी, दुपारी १.३०

आता जाण्याची पद्धत, तपशीलवार.

नरारा जामनगरपासून साठेक किलोमीटरवर, द्वारकेच्या रस्त्याने जाऊन वादीनारकडे वळायचं. हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९८२ मध्ये जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. नाक्यावर वनखात्याची नोंद आणि शुल्क असतं, ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ ठेवा. गाईड तिथेच मिळतात. गाईड न घेता आत जाऊ नका. ओहोटीला सगळं सपाट दिसतं, पण मधे चर आहेत आणि ते कुठे आहेत हे रोज चालणाऱ्यालाच माहीत असतं.

वेळेचा हिशेब उलटा मांडायचा. कोष्टकात ओहोटी ९.०० असेल तर ७.३० ला पाण्याच्या कडेशी, म्हणजे नाक्यावर ७ च्या आधी, म्हणजे जामनगरातून ५.३० ला निघायचं. पाणी हटत जाईल तसं त्याच्या मागे पुढे सरकायचं. ९.०० ला तुम्ही सगळ्यात लांबच्या टोकाला असाल. तिथून परत फिरायचं. ९.३० नंतर लांबच्या टोकाला कुणीही थांबू नये.

का, ते बाराव्या हिश्शाच्या नियमाने कळतं. भरतीचे सहा तास धरा आणि एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणात चढ पाच मीटर धरला तर पहिल्या तासात चाळीस सेंटिमीटर, दुसऱ्यात ऐंशी, तिसऱ्यात सव्वा मीटर. पहिल्या तासात काही झालंच नाही असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. त्यातही भरती समोरून येत नाही. आधी मागचे चर भरतात. समोरचा खडक कोरडा आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी, असं होतं.

विश्वामित्री_काठ | ५ जानेवारी, दुपारी २.१५

हा प्रतिसाद छापून गाडीत ठेवण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

न्यायमंदिर | ५ जानेवारी, दुपारी ४.४०

बुटांबद्दल. फितीचे जुने कॅनव्हास बूट आणि मोजे. तळवा जाड हवा, कारण कालवांच्या धारा पातळ रबर कापतात. फिती घट्ट बांधा, चिखल बूट खेचून घेतो. चपला, क्रॉक्स, मागे पट्टा नसलेले सँडल बाद. गमबूटही नको, एकदा वरून पाणी शिरलं की प्रत्येक पायात दोन-तीन किलो घेऊन चालावं लागतं.

पँट पोटरीपर्यंत दुमडता येणारी किंवा लवकर वाळणारी. जीन्स नको. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला पट्टा असलेली टोपी (वारा जोराचा असतो). माणशी दोन लिटर पाणी, वाटेत सावली नाही आणि दुकानही नाही. हातात काठी, तिने खोली आणि चिखल आधी चाचपायचा. मोबाइल झिपच्या पिशवीत, गळ्यात अडकवलेला. गाडीत कोरडे कपडे, टॉवेल आणि पाय धुवायला गोड्या पाण्याचा कॅन.

ध्रुवीकरण करणारा गॉगल असेल तर जरूर घ्या. पाण्यावरची चमक कापली जाते आणि खालचं स्वच्छ दिसतं. कॅमेऱ्यालाही तसाच फिल्टर. साध्या डोळ्यांनी आभाळच दिसत राहतं.

घुघरा_तिखट | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

मुलांना सगळ्यात मजा फुगणाऱ्या माशाची. गाईडला सांगा, तो पकडून हातावर फुगवून दाखवतो. फोटो छान येतो.

रोहित_पक्षी | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.३५

घुघरा भाऊ, कृपा करून हे सांगू नका. तो मासा मौजेखातर फुगत नाही, जीव वाचवायला फुगतो. पाण्यात असताना पाणी गिळून फुगतो. पाण्याबाहेर काढला तर हवा ओढून घेतो, ती त्याला लवकर बाहेर टाकता येत नाही आणि मग तो उलटा तरंगत राहतो. दिवसभरात दहा टोळ्यांनी दहा वेळा फुगवला तर काय होत असेल याचा विचार करा.

गाईडला सुरुवातीलाच गुजरातीत स्पष्ट सांगायचं: काही उचलायचं नाही, हात लावायचा नाही, जिथे आहे तिथेच दाखवा. पैसे तेवढेच देऊ. बहुतेक गाईड लोकांच्या हौसेपोटीच उचलतात. न उचलता दाखवणारा गाईड उलट जास्त दाखवतो, कारण त्याला प्राण्याच्या खुणा वाचाव्या लागतात.

घुघरा_तिखट | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.००

हवेचं माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो.

रोहित_पक्षी | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.५०

धन्यवाद, मनापासून. मग खुणाच लिहितो, मुलाला शोधायला देता येतील.

ऑक्टोपस: खडकातलं भोक आणि तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा, खेकड्यांच्या कवचांचा ढीग. तो त्याचा उकिरडा. दोन मीटरवर पाच मिनिटं न हलता उभं राहायचं. आधी डोळा वर येतो, मग रंग बदलतो.

समुद्रफूल (गाईड 'दरियाई फूल' म्हणेल): उथळ डबक्यात थाळीएवढं पसरलेलं, काठ लाटांसारखे हलणारे. सावली पडली की मिटतं, म्हणून सूर्याकडे तोंड करून उभं राहा.

प्रवाळ: ज्यावर मेंदूसारख्या वळ्या ते एक, ज्यावर मधाच्या पोळ्यासारखे गोल खण ते दुसरं. तपकिरी-हिरवट असेल तर जिवंत, पांढराफटक असेल तर मेलेलं किंवा मरू घातलेलं. जिवंत प्रवाळावर पाय पडला तर वर्षांची वाढ मोडते. पाय फक्त वाळूवर किंवा गाईडने ठेवला त्याच जागी.

समुद्रकाकडी, तारामासा, ठिसूळ हातांचा तारामासा, खेकडे: हे बहुतेक दगडाखाली. दगड उलटायचा मोह होतो. त्याच्या वरच्या बाजूला शेवाळ आणि खालच्या बाजूला अंधार मागणारे जीव राहतात. उलटा राहिला की दोन्हीकडचे मरतात. गाईडने उचकटलाच तर तसाच परत ठेवायला लावा.

आणि नऊ वर्षांच्या मुलाला घरीच समजावून सांगा: प्रवाळाचा तुकडा, मेलेलासुद्धा, खिशात घालायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत. समुद्रकाकडी आणि समुद्रघोडाही.

पट्टी_आणि_टिंक्चर | ५ जानेवारी, रात्री ९.१५

सुरक्षिततेबद्दल थोडं. चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट (काट्याची रे) लपलेला असतो. पाय घासत गेला की तो आधीच निघून जातो, वरून पाय पडला तर काटा मारतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तीस ते नव्वद मिनिटं धरायचा आणि रुग्णालय गाठायचं. त्याच्या विषाची ताकद उष्णतेने कमी होते. पाण्याची उष्णता दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावी, दुखणाऱ्याला चटका कळत नाही. काटा रुतून बसला असेल तर स्वतः उपसू नका.

शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर अजिबात उचलू नका, खिशात तर नाहीच. तो विषारी दात मारतो, कापडातूनही.

कालवाने किंवा प्रवाळाने कापलं तर गोड्या पाण्याने भरपूर धुवा, कचकच चिमट्याने काढा, जंतुनाशक लावा. 'साधं खरचटलंय' म्हणून सोडलेली समुद्रातली जखम चिघळते. मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की नाही हे निघण्याआधी बघा.

सनस्क्रीनचा थर देऊन डबक्यांत उतरू नका. त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. पूर्ण बाह्या हा जास्त चांगला उपाय.

सुरसागरकाठी | ५ जानेवारी, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. आईबद्दल कुणी सांगेल का? तिलाच हे बघायची सगळ्यात जास्त हौस आहे.

पट्टी_आणि_टिंक्चर | ५ जानेवारी, रात्री १०.०५

खडकावर नेऊ नका. ओला, शेवाळी, उंचसखल पृष्ठभाग आणि पायाखाली चिखल. ऑपरेशन झालेला गुडघा वळला तर उचलून आणायला तिथे वाहन पोहोचत नाही.

रोहित_पक्षी | ५ जानेवारी, रात्री १०.४०

पण किनाऱ्याच्या बाजूने थोडं नक्की नेता येईल. तिवरांच्या (गुजरातीत चेर) कडेने पक्षी असतात. पाणी हटलं की लांब चोचीचे चिखलात टोचत बसतात. काळा-पांढरा, जाड चोचीचा क्रॅब प्लोव्हर हा या किनाऱ्याचा खास पाहुणा. तिवराची मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात, श्वास घ्यायला. एक घडीची खुर्ची, एक दुर्बीण, आणि घरातला एक मोठा माणूस आईबरोबर. दुसरा मुलाबरोबर गाईडच्या मागे. दोन मोठी माणसं आहात, विभागून घ्या.

आणि आईंसाठी खरी जागा खिजडिया. जामनगरपासून बारा-तेरा किलोमीटर. नवानगर संस्थानच्या काळात खारं पाणी आत शिरू नये म्हणून बंधारे घातले. त्यामुळे एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारी जमीन, तिवर, आखात. बांधावर उभं राहिलं की डावीकडे गोड्या पाण्यातली बदकं आणि उजवीकडे रोहित. तीनशेहून जास्त जातींची नोंद आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत नाव आलं. वाट सपाट. सूर्योदयाला आत शिरा, क्रौंच पक्षी रात्रीच्या मुक्कामावरून उठतात ते बघायला मिळेल. त्यांचा आवाज आधी येतो, थवा नंतर दिसतो. कपडे मातकट रंगाचे घाला.

मांडवी_दरवाजा | ६ जानेवारी, सकाळी ८.३०

प्रवासाबद्दल कुणी लिहिलं नाही. गाडीने जात असाल तर अहमदाबादेत शिरू नका. वासद–बोरसद–तारापूर–वटामण–बगोदरा करून लिंबडीचा रस्ता धरा, पुढे सायला, चोटीला, राजकोट, ध्रोळ, जामनगर. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. थांबे धरून सात-आठ तास ठेवा. आगगाडीने सौराष्ट्र मेल वडोदऱ्याहून जामनगरला जाते, पण मध्यरात्रीनंतर येते, आईंना त्रास. काही गाड्या हापापर्यंतच जातात. हापा म्हणजे जामनगरच्या अलीकडचं स्टेशन, तिथून रिक्षा मिळते. तिकीट काढताना गोंधळू नका.

दांडियाबाजार | ६ जानेवारी, सकाळी १०.१५

इतक्या लांब कशाला? कावी-कंबोई आहेच की. पाद्रा-जंबुसरवरून ऐंशी किलोमीटरच्या आत. स्तंभेश्वर महादेव भरतीत पूर्ण बुडतो आणि ओहोटीत वर येतो, दिवसातून दोनदा.

वादीनार_मार्गे | ६ जानेवारी, सकाळी १०.५५

भरती-ओहोटी बघायला उत्तम, मुलाला आधी तिथे नेलंत तर जामनगरला सगळं पटकन समजेल. पण ते खंभातचं आखात. तिथे प्रवाळ नाही, गाळ आहे. मही नदीने आणलेला माल. पाणी इतकं गढूळ की प्रवाळाला लागणारा उजेड खाली पोहोचत नाही. चढउतार कच्छच्या आखाताहून मोठा, आत भावनगरकडे दहा मीटरच्या घरात. वेळही मुंबईहून कितीतरी उशिराची, तिथे पाऊणपट लावली तर साफ चुकेल. देवळाजवळ त्या दिवसाच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्याच पाळा. आणि देवळापासून पुढे गाळावर एक पाऊलही टाकू नका. वरून सुकलेला दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. पाणी धावत येतं.

विश्वामित्री_काठ | ६ जानेवारी, दुपारी १२.२०

पिरोटन बेटाचं काय? त्याचे फोटो नराराहून सुंदर दिसतात.

पाऊणकी | ६ जानेवारी, दुपारी १२.४५

या सहलीत नको. वनखात्याची आधी परवानगी लागते, आयत्या वेळी काही होत नाही. शिवाय होडी भरतीच्या पाण्यावरच सुटते आणि पुढच्या भरतीलाच परतते. म्हणजे बेटावर साधारण बारा तास अडकून. ना सावलीची सोय, ना पाण्याची. परवानगीशिवाय नेतो म्हणणारा कुणी भेटला तर नाही म्हणा.

न्यायमंदिर | ६ जानेवारी, दुपारी ३.३०

बालाचडीबद्दल. जामनगरहून तीसेक किलोमीटरच्या आत. किनारा साधा आहे, पण जागेला अर्थ आहे. १९४२ ते १९४६ या काळात नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या निर्वासित मुलांना इथे आसरा दिला. आपल्या वाचकांना कोल्हापूरजवळचं वळिवडे माहीत असेल, तिथेही त्याच काळात पोलिश कुटुंबांची मोठी छावणी होती. बालाचडीची मुलं पुढे वळिवड्याला हलवली गेली. छावणीच्या जागी आज सैनिकी शाळा आहे, स्मारक तिच्या आवारात, म्हणून आत जायचं तर आधी विचारून घ्यावं लागतं. आईंना आणि मुलाला दोघांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

घुघरा_तिखट | ६ जानेवारी, संध्याकाळी ५.०५

अवांतर, पण पोटाचं. लाखोटा तलावाची संध्याकाळ राखून ठेवा. तलावाच्या मधोमध लाखोटा कोठा, आत संग्रहालय. काठावर बाला हनुमान, तिथे १ ऑगस्ट १९६४ पासून रामधून अखंड चालू आहे, दिवसरात्र. आई तिथे आरामात तासभर बसतील.

मग तिखट घुघरे. आपल्या करंजीचाच आकार, आत बटाटा-वाटाण्याचं सारण, वरून फोडून लाल लसणाची आणि गोड चटणी, शेव. वडोदऱ्याच्या सेव-उसळीवर वाढलेल्या जिभेला सोसेल, पण मुलाला 'मीडियम' सांगा. घरी आणायला सुकी कचोरी. तिचं सारण कोरडं असतं, पाण्याचा अंश नसतो, म्हणून डब्यात दोन-तीन आठवडे टिकते. मात्र नराराच्या आदल्या रात्री तिखट खाऊ नका. खडकावर स्वच्छतागृह नाही!

मांडवी_दरवाजा | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

शेवटचं वाक्य सगळ्या धाग्यात सगळ्यात उपयोगी :)

द्वारकेचं माझं मत: या सहलीत घालू नका. एकशेतीस किलोमीटर जाऊन, बेट द्वारकेचा नवा सुदर्शन सेतू (२०२४) बघून, शिवराजपूरच्या किनाऱ्यावर थांबून परत येणं हा वेगळा दोन दिवसांचा कार्यक्रम आहे.

विश्वामित्री_काठ | ६ जानेवारी, संध्याकाळी ७.००

मी असहमत. नरारा द्वारकेच्याच रस्त्यावर आहे. सकाळी अकराला नरारा संपतं. आंघोळ करून निघालं तर संध्याकाळी शिवराजपूर. ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला किनारा, वाळू पांढरी, पाणी निळं, कपडे बदलायला खोल्या. पोहायचं ते आखून दिलेल्या पट्ट्यात. रात्री द्वारकेत मुक्काम, सकाळी दर्शन आणि परत.

पट्टी_आणि_टिंक्चर | ६ जानेवारी, संध्याकाळी ७.१८

पहाटे साडेचारला उठलेला नऊ वर्षांचा मुलगा आणि साडेतीन तास उन्हात चाललेला ड्रायव्हर. त्याच दिवशी द्वारका नको. नराराच्या दुपारी फक्त झोप.

सुरसागरकाठी | ६ जानेवारी, रात्री ९.३०

घरी बसून ठरवलं. रजा मंजूर झाली, शाळेलाही सांगितलं. द्वारका या वेळी नाही.

रविवार १ फेब्रुवारी: पहाटे निघून तारापूर-बगोदरामार्गे जामनगर, संध्याकाळी लाखोटा, बाला हनुमान, घुघरे.
सोमवार २: पहाटे खिजडिया, दुपारी विश्रांती, संध्याकाळी बालाचडी. रात्री साधं जेवण.
मंगळवार ३: नरारा. आई आणि बायको तिवरांच्या कडेला, मी आणि मुलगा गाईडबरोबर.
बुधवार ४: परत.

आज इन्कॉइसवर सिक्का शोधून बघतो. काही सुटलंय का?

वादीनार_मार्गे | ६ जानेवारी, रात्री १०.१०

बेत पक्का आहे. तीन गोष्टी जोडा.

एक, कोष्टकात वेळेबरोबर मीटरचा आकडाही लिहून घ्या. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, सकाळच्याच ओळीतला आकडा घ्या. तो पाऊण मीटरच्या आसपास किंवा खाली असेल तर चांगला दिवस. जोराचा वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर पाणी कोष्टकापेक्षा कमी उतरतं, तेव्हा लांबच्या टोकाचा हट्ट नको.

दोन, बुधवारचा परतीचा प्रवास दुपारी सुरू करायचा असं ठेवा. मंगळवारी नाक्यावर काही कारणाने आत सोडलं नाही तर बुधवारी तृतीयेला पाऊणेक तास उशिराने तशीच ओहोटी हाताशी राहते.

तीन, मुलाच्या मनगटात घड्याळ द्या आणि परत फिरायची वेळ त्याला सांगायला लावा. आपण ऑक्टोपसपाशी उभं राहून वेळ विसरतो, मुलं विसरत नाहीत.

रोहित_पक्षी | ६ जानेवारी, रात्री १०.२५

खिजडियाला २ फेब्रुवारी म्हणजे जागतिक पाणथळ दिन. शाळांच्या सहली असू शकतात. सूर्योदयाला दारात असाल तर पहिला दीड तास तुमचाच.

सुरसागरकाठी | ६ जानेवारी, रात्री १०.३१

घड्याळ घेतो. आईला खिजडियाचं सांगितलं, दुर्बिणीची काच पुसायला बसलीय.